गावाचा कोष, बायांचा हिशोब



करोनाच्या दिवसांची आठवण निघाली की आपण दवाखान्याचं बोलतो, बंद पडलेल्या गाड्यांचं, तेलंगणातून पायी परतलेल्या मजुरांचं आणि गेलेल्या माणसांचं बोलतो. ते बोलायलाच हवं. पण त्याच दिवसांत आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आणि शेजारच्या गोंदियात आणखी एक गोष्ट घडली. तिच्याबद्दल आपण तितकं बोलत नाही. कोरची भागातल्या आणि गोंदियातल्या देवरी भागातल्या ग्रामसभांनी स्वतःच्या कोषातला पैसा काढला आणि आपल्याच लोकांच्या अडचणीला लावला. तो पैसा तेंदूपानाचा आणि बांबूचा होता. गावानं आधीच्या हंगामांत मिळवलेला आणि राखून ठेवलेला होता.

आज मला या पैशाचा इतिहास सांगायचा आहे. तो २०२० साली सुरू होत नाही. त्या वर्षी मदत होऊ शकली याची कारणं आधीच्या तीस-चाळीस वर्षांत आहेत, काही तर त्याहून जुनी आहेत. आपण बायांनी हा इतिहास समजून घेतला नाही, तर पुढच्या संकटात कोषाचं पासबुक असेल आणि आत काही नसेल. किंवा आत पैसा असेल, पण तो कुणाला द्यायचा हे ठरवताना आपल्याला कोणी विचारणार नाही.

सामाईक काम आपल्या झाडीपट्टीला नवं नाही. वैनगंगेच्या खोऱ्यात, भंडारा-गोंदियापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत हजारो तलाव आणि बोड्या आहेत. गोंड राजांच्या काळापासून ते बांधले गेले. तलावाची पाळ कुठे घालायची, पाणी कुठून न्यायचं, यात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. पाळ बुजवायची, गाळ काढायचा, पाट मोकळे करायचे, ही कामं गावाच्या हातांनी व्हायची, कारण सगळ्यांच्या बांध्यांना पाणी तिथूनच यायचं. त्या व्यवस्थेत सगळं चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. तलाव मालगुजाराच्या नावावर होता, घाम गरिबाचा होता आणि पाणी कुणाच्या बांधीत आधी सोडायचं हे बाईला कोणी विचारत नव्हतं.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली. तेव्हा आपला भाग चांदा जिल्ह्यात आणि चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. तलाव सरकारच्या ताब्यात गेले. माजी मालगुजारी तलाव म्हणून त्यांना आज 'मामा तलाव' म्हणतात. मालगुजाराची मक्तेदारी गेली हे बरंच झालं. पण त्याबरोबर गावाचा हातही तलावावरून निघाला. दुरुस्ती सरकार करील असं गावाला वाटलं, सरकारकडे इतक्या तलावांना पुरेल एवढा पैसा आणि माणसं नव्हती. अनेक तलाव गाळानं भरले. ही गोष्ट ध्यानात ठेवा. वस्तू गावाच्या उपयोगाची असली, पण तिचा कारभार गावाकडे नसला, तर तिची काय गत होते ते तलावांनी आपल्याला आधीच दाखवलं आहे.

आता साथीकडे येऊ. करोनाच्या शंभर वर्षं आधी, १९१८ साली, इन्फ्लुएन्झाची साथ आली. पहिलं महायुद्ध संपत आलं होतं. बंदरांतून ती देशात शिरली आणि रेल्वेच्या रुळांवरून आत आत गेली. गोंदियाहून वडशावरून चांद्याकडे जाणारी छोटी रेल्वे तोवर सुरू झालेली होती. ज्या प्रांतांना त्या साथीचा सगळ्यात जास्त मार बसला, त्यात आपला मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. देशभरात सव्वा कोटीच्या आसपास माणसं गेली असं कमीतकमी धरणारे अभ्यासक म्हणतात. काहींचा आकडा त्याहून बराच मोठा आहे. साथीचा जोर सप्टेंबर ते नोव्हेंबरात होता, म्हणजे धान कापणीच्या तोंडावर. त्यात त्या साली पाऊसही दगा देऊन गेला होता.

त्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बाया जास्त मेल्या. जनगणनेतून ते पुढे आलं. कारण अवघड नाही. घरातला प्रत्येक आजारी माणूस बाईच्या हाताखाली होता, आणि ती स्वतः तापानं फणफणली तरी पाणी, सरपण, चूल तिच्याच गळ्यात होती. बाई आजारी पडली तर तिला पेज कोण देणार, याची सोय कोणत्याच व्यवस्थेत नव्हती. गावाजवळ स्वतःचा कोष नव्हता. ढोलीत धान असेल तोवर उसनवारी चालायची, ते सरलं की सावकार.

जंगल उशाला असताना गावाकडे पैसा का नव्हता, हा प्रश्न इथे विचारायला हवा. इंग्रजांनी जंगलं राखीव केली. गावाला निस्ताराची मुभा राहिली, म्हणजे घरासाठी लाकूडफाटा, चराई वगैरे. विकण्याजोगं जे होतं त्यावर हक्क सरकारचा. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ तसंच चाललं. महाराष्ट्र सरकारनं १९६९ च्या कायद्यानं तेंदूपानाचा व्यापार आपल्या हाती घेतला. जंगलाचे घटक पाडून लिलाव व्हायचा आणि ठेकेदार पानं उचलायचा. पहाटे अंधारात जंगलात जाऊन पानं तोडणाऱ्या, दुपारी घरी बसून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधणाऱ्या बाईला मजुरी मिळायची. पानाची किंमत मिळायची नाही. बांबूचंही तेच. बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू गेला आणि त्याच गावांतल्या माणसाला टोपली विणायला बांबू तोडला तर गुन्हा लागायचा.

गावाचा स्वतःचा कोष असावा, हा विचार महाराष्ट्रात विनोबा भाव्यांच्या ग्रामदानातून नीट मांडला गेला. शेतकऱ्यानं उत्पन्नाचा चाळिसावा भाग द्यावा, मजुरानं महिन्यातून एका दिवसाची मजुरी द्यावी आणि त्यातून ग्रामकोष उभा राहावा, अशी ती कल्पना होती. १९६४ साली महाराष्ट्रात ग्रामदानाचा कायदाही झाला. बहुतेक ठिकाणी कल्पना कागदावर राहिली. आपल्या जिल्ह्यात मात्र धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या लहानशा गोंड गावानं तिला आपल्या पद्धतीनं जिवंत केलं.

१९८० च्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपट्टणम या मोठ्या धरणांच्या विरोधात आदिवासींचं आंदोलन उभं राहिलं. त्यातून मेंढ्याचे लोक एकत्र बसायला शिकले. देवाजी तोफा हे गावचे, मोहन हिराबाई हिरालाल हे चंद्रपूरचे कार्यकर्ते. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा तिथली. पण घोषणेपेक्षा त्यांच्या तीन सवयी महत्त्वाच्या आहेत. पहिली, निर्णय सर्वांच्या संमतीनं घ्यायचा, बहुमतानं नाही. दुसरी, बैठकीत बाया आणि पुरुष दोघंही हवेत. तिसरी, मिळकतीतला दहावा वाटा गावाच्या कोषात टाकायचा. हातात पैसा आला की आधी गावाचा हिस्सा बाजूला. संकट आल्यावर वर्गणी मागण्यापेक्षा हे वेगळं आहे. संकटात सगळ्यांचेच हात रिकामे असतात, तेव्हा वर्गणी देणार कोण?

मग दोन कायदे आले. १९९६ चा पेसा कायदा, ज्यानं अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला अधिकार दिले. महाराष्ट्रानं त्याचे नियम २०१४ साली केले. दुसरा २००६ चा वनहक्क कायदा. त्यानं गौण वनोपजाची मालकी गावाला दिली आणि बांबू, तेंदू हे गौण वनोपजच आहे असं स्पष्ट लिहिलं. मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. आज जिल्ह्यातल्या हजाराहून जास्त गावांना सामूहिक वनहक्क मिळालेले आहेत. देशात याबाबतीत गडचिरोलीचं नाव पुढे घेतलं जातं.

इथे एक घोटाळा टाळू. ग्रामपंचायत म्हणजे निवडून आलेले सदस्य. ग्रामसभा म्हणजे गावातले सगळे मतदार, म्हणजे तुम्ही आणि मीसुद्धा. वनहक्काचा निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेला किमान निम्मे लोक हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया असाव्या लागतात, असं नियमातच लिहिलं आहे. शेतीच्या वैयक्तिक वनहक्काचा पट्टाही नवरा-बायको दोघांच्या नावे द्यायचा असतो. हे कुणाचे उपकार नाहीत. हा कायदा आहे.

वडशाहून कुरखेड्याच्या रस्त्यानं पुढे गेलं की छत्तीसगडच्या सीमेला लागून कोरची तालुका येतो. तिथल्या नव्वदच्या आसपास ग्रामसभांनी २०१६ साली एकत्र येऊन महाग्रामसभा केली. एकट्या गावाला ठेकेदार सहज गुंडाळतो. नव्वद गावं एका मेजाशी बसली की त्याला भाव नीट बोलावा लागतो. या महाग्रामसभेत प्रत्येक गावातून दोन पुरुष आणि दोन बाया पाठवायच्या, असं ठरलं. हे आपोआप झालं नाही. कुरखेडा-कोरची भागात 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था १९८४ पासून काम करते. डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी ती उभी केली. आरोग्यापासून सुरुवात होऊन तिथे बायांचे बचत गट झाले, गटांचे संघ झाले. कुमारीबाई जमकातन यांच्यासारख्या बाया त्या कामातून पुढे आल्या आणि ग्रामसभेत बोलू लागल्या. जिल्ह्यात १९९३ साली दारूबंदी झाली, तीही गावोगावच्या लोकांनी वर्षानुवर्षं लावून धरल्यावर, आणि त्यात बाया पुढे होत्या. म्हणजे सभेत उभं राहून बोलायची सवय आधी लागली होती, कोष नंतर आला.

आता कोषात पैसा येतो कसा ते सोप्या हिशोबानं बघू. हजार पुड्यांची एक गोणी. गोणीला ठेकेदारानं जो भाव दिला, त्यातून तोडणाऱ्या घराला मजुरी आणि पुढे रॉयल्टीचा वाटा जातो. ग्रामसभेनं ठरवलेली थोडी रक्कम कोषात राहते. समजा, साठ घरांच्या गावानं दोनशे गोण्या पानं दिली आणि गोणीमागे तीनशे रुपये कोषात ठेवले. साठ हजार झाले. हे आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण जमा होण्याची रीत हीच.

मार्च २०२० मध्ये काय झालं ते सगळ्यांना आठवतं. २२ तारखेला जनता कर्फ्यू, २५ पासून देशभर टाळेबंदी. आपल्याकडचे हजारो मजूर त्या वेळी मिरची तोडायला तेलंगणात गेलेले होते. ते तिथे अडकले आणि कितीतरी जण पायी निघाले. गावांनी आपल्या शिवेवर अडसर लावले. गडचिरोलीत मे महिन्याच्या मध्यापर्यंत रुग्ण नव्हता. रोग यायच्या आधीच भूक आली, कारण मजुरी बंद, बाजार बंद, वाहन बंद. मोहाचा हंगाम सुरू होता, पण वेचलेला मोह विकायचा कुठे? तेंदूचे लिलाव अडले. जंगलात जायलाही बंदी असेल तर वर्षाची मिळकतच बुडणार होती. १६ एप्रिलला केंद्र सरकारनं वनोपज गोळा करायला सूट दिली, तेव्हा कुठे पानांचा मार्ग मोकळा झाला.

सरकारची मदत आलीच नाही असं नाही. रेशनवर माणशी पाच किलो जास्तीचं धान्य मिळालं. बायांच्या जनधन खात्यात एप्रिल, मे, जून असे तीन महिने पाचशे रुपये जमा झाले. ज्या बाईचं खातं होतं, आधार जोडलेलं होतं आणि बँकेपर्यंत जायची सोय होती, तिला त्याचा आधार झाला. पण पाचशे रुपये काढायला तालुक्याच्या गावी जायचं तर गाडी नाही. रेशनकार्डावर नाव नसलेली सून, सोडून दिलेली लेक, दुसऱ्या राज्यातून परतलेलं कुटुंब, यांचं काय? दिल्लीतल्या यादीला ही माणसं दिसत नाहीत. गावाला दिसतात.

ग्रामसभेच्या कोषानं तिथे काम केलं. वनोपजातून साठलेल्या पैशातून ग्रामसभांनी गरजू घरांना धान्य आणि रोजच्या लागणाऱ्या वस्तू मिळवून दिल्या, काही ठिकाणी रोख आधार दिला. बचत गटाच्या बायांनी कापडी मास्क शिवले. परतलेल्या माणसांना गावात घेण्याआधी वेगळं ठेवायचं, त्यांच्या खाण्यापिण्याची सोय बघायची, रोजगार हमीची कामं मागायची, हेही गावपातळीवर ठरत होतं. अंतर ठेवून झाडाखाली बैठका झाल्या. कलेक्टर कचेरीतून पत्र येईपर्यंत थांबायची गरज पडली नाही, कारण खातं गावाचं होतं आणि ठराव करायचा अधिकारही गावाचा होता.

आता मघाच्या साठ हजारांकडे परत जाऊ. साठ घरांना सारखे वाटले तर घरटी हजार रुपये येतात. भांडण नाही, सगळे खूष. पण ज्याच्या घरात मास्तराचा पगार येतो त्यालाही हजार आणि जिच्या घरात मीठ संपलं आहे तिलाही हजार. तेच वीस घरं निवडली तर घरटी तीन हजार मिळतात, महिनाभराची चूल पेटते. मग वीस घरं कोणती? हे कोण सांगणार? कुणाच्या घरून दोन दिवस धूर निघाला नाही, कोणती बाळंतीण कोरडी भाकर खाते आहे, कोणती म्हातारी मागायला लाजते, हे पाणी भरायला एकत्र जाणाऱ्या बायांना माहीत असतं. ही माहिती सभेत बोलली गेली तर पैसा बरोबर घरी जातो. बोलली गेली नाही तर तो ओळखीच्या घरी जातो. त्यासाठी सभेत बाई नुसती बसून चालत नाही, तिचं बोलणं ठरावात उतरावं लागतं.

या व्यवस्थेच्या उणिवाही सांगायला हव्यात, नाहीतर तो इतिहास होणार नाही. तेंदूचा भाव एकसारखा राहत नाही. २०१७ साली आपल्या जिल्ह्यात ग्रामसभांना कधी नव्हे इतका भाव मिळाला, पुढच्या वर्षी तो कोसळला आणि काही ठेकेदारांनी गावांची रक्कम थकवली. २०२० मध्ये लिलावाला व्यापारी कमी आले आणि बऱ्याच ठिकाणी भाव पडला. म्हणजे ज्या वर्षी कोषातून सगळ्यात जास्त पैसा गेला, त्याच वर्षी त्यात भर कमी पडली. दुसरं, सगळ्या गावांचे कोष सारखे नाहीत. जंगल जास्त तिथे पैसा जास्त. वनहक्क मिळालाच नाही तिथे काही नाही. तिसरं, हिशोब. ज्या गावात पावत्या आणि पासबुक सभेत वाचले जातात तिथे विश्वास टिकतो. जिथे दोन-चार जणांच्या खिशात हिशोब राहतो, तिथे ठेकेदार जाऊन गावचाच माणूस ठेकेदार होतो. मामा तलावांच्या बाबतीत कारभार गावाबाहेर गेला. इथे तो गावातच राहून चार जणांपुरता उरू शकतो.

तुमच्यातली वडशाची, देसाईगंजची बाई म्हणेल, हे जंगलातल्या गावांचं झालं, आमचं काय? खरं आहे. शहरातल्या वॉर्डाला तेंदू नाही, बांबू नाही आणि स्वतःचा कोषही नाही. करोनात शहरांमध्ये मदत झाली ती देणगीदारांच्या, मंडळांच्या, शेजाऱ्यांच्या चांगुलपणावर. चांगुलपणाला मी कमी लेखत नाही. पण देणारा थकला की मदत थांबते, आणि घेणाऱ्या बाईला फोटोला उभं राहावं लागतं. स्वतःच्या कोषातून मिळालं तर मान खाली घालायची वेळ येत नाही.

आणि वडशाला सामाईक पैशाची रीत अगदीच ठाऊक नाही असंही नाही. झाडीपट्टीच्या नाटकांचं हे मुख्य ठाणं. दिवाळीनंतर मंडई, शंकरपट सुरू झाले की गावोगावची मंडळं इथल्या कंपन्यांशी करार करतात, तिकिटं लावतात, रात्रभर नाटक होतं आणि जे उरतं ते कितीतरी ठिकाणी गावाच्या कामाला लागतं. २०२० च्या दिवाळीनंतर तो हंगाम नेहमीसारखा उभा राहिला नाही. नट, नट्या, वाजवणारे, पडदे लावणारे, सगळ्यांच्या घरी टंचाई आली. इतकी वर्षं इतक्या गावांच्या कामाला ज्यांच्या मेहनतीचा पैसा गेला, त्यांच्यासाठी असा एखादा कायमचा कोष असता तर? कलावंत बायांनी हा प्रश्न जरूर विचारावा.

शहरात असं होऊ शकतं का, याचं एक उत्तर केरळात आहे. तिथे १९९८ पासून कुडुंबश्री नावाचं बायांच्या गटांचं मोठं जाळं आहे. टाळेबंदी लागली तेव्हा ग्रामपंचायती, नगरपालिका आणि या बायांनी मिळून हजाराहून जास्त सामुदायिक स्वयंपाकघरं चालवली. जागा आणि काही पैसा स्थानिक संस्थेचा, राबणूक बायांची, आणि जेवण कुणाला पोचवायचं याची माहितीही वस्तीतल्या बायांकडूनच. नंतर तिथे वीस रुपयांत जेवण देणाऱ्या खाणावळी उभ्या राहिल्या, त्यातून बायांना रोजगार मिळाला. इतक्या लवकर हे जमलं याचं कारण कोरचीसारखंच आहे. गट वीस वर्षं आधीपासून होते, एकमेकींची ओळख होती, हिशोबाची वही होती.

आपल्याकडेही महिला आर्थिक विकास महामंडळाचे, उमेदचे बचत गट घरोघरी आहेत. पण आपण गट धरतो तो बहुधा कर्जासाठी. करोनात तेही दिसलं. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेनं हप्ते पुढे ढकलायची सवलत दिली, पण त्या महिन्यांचं व्याज माफ झालं नव्हतं, हे अनेकींना नंतर कळलं. कर्ज काढायची सोय असणं आणि आपला कोष असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गटाच्या महिन्याच्या बचतीतून पाच-दहा रुपये वेगळ्या नावाखाली ठेवले, त्याला अडीअडचणीचा कोष म्हटलं आणि तो कर्जात वापरायचा नाही असं ठरवलं, तर वस्तीतल्या दहा गटांचा मिळून दोन-तीन वर्षांत एक आधार उभा राहील. नगर परिषदेकडे जागा मागता येईल, भांडी मागता येतील. मागताना आपलाही हिस्सा तयार आहे असं सांगता आलं, तर समोरच्याला ऐकावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेला किंवा गटाच्या बैठकीला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. आपल्या कोषात आज किती रुपये आहेत? खात्यावर सह्या कुणाच्या आहेत, आणि त्यात बाई आहे का? २०२० आणि २०२१ मध्ये कोषातून काय दिलं, कुणाला दिलं, याची नोंद वहीत आहे का? आणि उद्या पुन्हा तशी वेळ आली तर पहिल्या आठवड्यात कोणती घरं धरायची, ते कोण ठरवणार?

तिसऱ्या प्रश्नावर मी जरा जोर देईन. कोरचीच्या, देवरीच्या गावांनी जे केलं त्याबद्दल कार्यकर्त्यांनी, अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे म्हणून आपल्याला कळलं. कितीतरी गावांत कोणी लिहिलेलं नाही. १९१८ च्या साथीत आपल्या गावांत कोण कुणाला पेज देत होतं, याची आज एक ओळही आपल्या हाती नाही, मेलेल्यांचे आकडे तेवढे आहेत. करोनाला अजून फार वर्षं झालेली नाहीत. मास्क शिवणाऱ्या बाया आहेत, ठरावावर अंगठा देणाऱ्या आज्या आहेत. त्यांना विचारा, शाळेत शिकणाऱ्या मुलींना वही-पेन घेऊन बसवा आणि तारखेसह, रकमेसह, नावासह लिहून काढा. ती वही ग्रामसभेच्या दप्तरात ठेवा. पुढच्या वेळी यादी करताना हीच वही पहिल्यांदा उघडावी लागेल.